धनी आणि दर्दी

विजयादशमीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात ज्यांनी कधी गर्दीत उभे राहून पाय दुखवून घेतले असतील, त्यांना मेबॅक कोण हे सांगायला नको. एखादी मानाची माहेरवाशीण यावी तशी ती गाडी ठरल्या दिवशी येते. शमीपूजनासाठी छत्रपती तिच्यातून येतात. तिचे लांबलचक नाक दिसू लागले की "आली, आली" अशी एक लाट गर्दीतून सरकत जाते. थोरली माणसे छत्रपतींना मुजरा करतात. पोरे मात्र गाडीकडे बघत राहतात. माझे वय ऐंशीच्या पलीकडे गेले आहे, तरी त्या चौकात मी पोरांतच मोडतो.

गेल्या दसऱ्याला माझ्याबरोबर नातू होता. तो पुण्याला असतो. त्याने नुकतीच विजेवर चालणारी एक भारी मोटार घेतली आहे आणि आम्ही तिच्यातूनच आलो होतो. मेबॅक पुढे निघून गेल्यावर तो मला म्हणाला, "आबा, शंभरीला टेकलेली ही गाडी, आणि माणसं बघा केवढी! आमच्या गाडीत हिच्या दसपट सोयी आहेत. मग आमची गाडी तुम्हाला का आवडली नाही?"

आवडली नाही, असे मी म्हणालो नव्हतो. पण पुण्याहून येताना मी सगळी वाट गप्प होतो, आणि आमच्या घराण्यात गप्प बसण्याचा अर्थ तोच होतो. त्या चौकात, ढोलताशांच्या गलबल्यात, मला काही त्याला नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मात्र वाटले की, त्याचा प्रश्न केवळ त्याच्या गाडीपुरता नाही. भारी मोटारीकडून तिचा शौकीन नेमके काय मागतो, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे; आणि त्याचे उत्तर द्यायचे तर थोडा इतिहासच सांगावा लागेल.

या विषयात मी अगदीच उपरा नाही. माझे वडील दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहान संस्थानच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. संस्थान एवढेसे, पण मोटारखान्यात पाच गाड्या. त्यांतली एक मोठी, सहा सिलिंडरची इंग्लिश गाडी होती आणि तिला वडिलांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा शिरस्ता होता. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते सांगायचे, ही त्यांची विद्या. लोक मोटारीचे कौतुक करीत तेव्हा वडील बोलणाऱ्यांच्या दोन जाती पाडीत. एक धनी आणि दुसरा दर्दी. धनी म्हणजे गाडीचा मालक, मागच्या गादीवर बसणारा. दर्दी म्हणजे गाण्याला असतो तसा. त्याच्या मालकीचे काही असेलच असे नाही. ते म्हणत, "धन्याला गाडी गप्प हवी असते. दर्द्यालाही गप्पच हवी असते, पण मुकी नको असते."

तेव्हा मला हा नुसता शब्दांचा खेळ वाटला. पुढे मोटारींचा इतिहास वाचण्याचे व्यसन लागले, तेव्हा ध्यानात आले की शंभर-सव्वाशे वर्षांचा सगळा तंटा त्या एका वाक्यात होता.

या तंट्याची सुरुवात करायची तर हेन्री रॉइसपासूनच करायला हवी. जन्म १८६३ सालचा. बाप गिरणीवाला, तोही लवकर वारला. पोराने वर्तमानपत्रे विकली, तारा पोचवल्या, रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केली. पुढे मँचेस्टरला त्याने विजेचे सामान आणि याऱ्या बनविण्याचा धंदा काढला. हातात चार पैसे आल्यावर त्याने एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. ती हादरे देई, खडखड करी, आणि मन मानेल तेव्हा बंद पडे. त्या काळी सगळ्याच मोटारी असे करीत आणि मालक निमूट सोसत. रॉइस सोसणाऱ्यांतला नव्हता. हिच्यापेक्षा चांगली मीच करतो, असे म्हणून १९०४ साली त्याने स्वतःची मोटार केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मँचेस्टरच्या एका हॉटेलात त्याची गाठ चार्ल्स रोल्सशी पडली. हा एका लॉर्डाचा मुलगा, मोटारींचा, फुग्यांचा आणि पुढे विमानांचा वेडा, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणारा. पहिला हाताने काम करणारा, दुसरा श्रीमंतांच्या बैठकीतला. रॉइसची गाडी चालू असूनही आवाज करीत नाही, हेच रोल्सला भावले.

१९०७ साली या दोघांच्या कंपनीने सहा सिलिंडरांच्या एका गाडीला चांदीचा रंग दिला, तिच्या पितळी सामानावर चांदी चढविली आणि तिचे नाव ठेवले 'सिल्व्हर घोस्ट'. रुपेरी भूत! भूत अशासाठी, की ते येते पण पाऊल वाजत नाही. सात लिटरांचे इंजिन, पण चालू असताना पाण्याच्या टाकीच्या झाकणावर कडेवर उभे केलेले नाणे पडत नसे, असे सांगतात. हे जमले कसे? लांब इंजिनातला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांचे वरखाली होणे चाकाच्या फिरण्यात बदलणारा दांडा, वेगात पिळवटतो आणि थरथरतो. सहा सिलिंडरांच्या गाड्यांना त्या काळी हा रोगच होता. रॉइसने सहा सिलिंडरांकडे तीन-तीनच्या दोन जोडीदार इंजिनांसारखे पाहिले, दांडा जाडजूड केला आणि त्याला सात ठिकाणी आधार दिला. शांततेमागे असे लोखंड होते.

आणि आता वाचकांनी एक गोष्ट पाहावी. ही गाडी विकायची होती धन्यांना. पण तिच्यावर विश्वास बसला तो दर्द्यांचा. गप्प गाडी दिवाणखान्यात कोणीही गप्प ठेवील, रस्त्यावर काय, असे ते विचारणारच. म्हणून कंपनीचा चाणाक्ष व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन याने ती गाडी लंडन आणि ग्लासगोच्या दरम्यान रात्रंदिवस पळविली. फक्त रविवारी विश्रांती. बरोबर ऑटोमोबाइल क्लबचे निरीक्षक. ६२९ मैलांवर हादऱ्याने पेट्रोलची तोटी आपोआप मिटली आणि गाडी थांबली. त्यानंतर ती १५,००० मैल पुरे होईपर्यंत बिघाडामुळे एकदाही थांबली नाही. म्हणजे सलग १४,३७१ मैल. मग निरीक्षकांनी ती खोलून पाहिली आणि पुन्हा नव्यासारखी करण्याकरिता लागलेल्या सुट्या भागांचा खर्च काढला. तो भरला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. हा आकडा माझ्या वडिलांना पाठ होता. एखाद्याला अभंग पाठ असावा तसा ते तो म्हणत.

या गाडीची एक बहीण मग आपल्या दारी आली. 'पर्ल ऑफ द ईस्ट', पूर्वेचे मोती, असे तिचे नाव. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मोटार-परीक्षेत ती उतरली. ६२० मैलांची दौड, वाटेत सहा घाट, आणि बिघाडामुळे एकदाही न थांबता ती पुरी करून तिने बक्षीस मिळविले. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज होते. डांबराचे रस्ते नव्हते. मुंबई-कोल्हापूर वाटेवरचे बोरघाट, कात्रज आणि खंबाटकी हे घाट बोगदे आणि रुंद रस्ते होण्यापूर्वी ज्यांनी ओलांडले आहेत, त्यांना त्या दौडीचा अर्थ कळेल. बैलगाडीला जिथे जादा जोडी जुंपावी लागे, तिथे ते भूत न कण्हता वर गेले असेल. घाटातल्या बैलांना काय वाटले असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही!

त्यानंतर आपल्याकडच्या संस्थानिकांना रोल्स-रॉइसचे वेड लागले. त्या काळी ही कंपनी फक्त सांगाडा आणि इंजिन देई. वरचा डोलारा निराळे कारागीर बांधून देत. त्यामुळे धन्याच्या मनात येईल ते होई. राण्यांसाठी पडदे, शिकारीसाठी बंदुकांचे खण आणि शोधदिवे, मिरवणुकीसाठी सिंहासन. १९१० साली कलकत्त्याच्या एका इंग्रज रहिवाशाने तर ब्रुक नावाच्या गाडीवर चक्क हंस बसवून घेतला होता. त्या हंसाच्या चोचीतून वाफ उडे आणि रस्त्यातली माणसे पळत सुटत. ती गाडी पुढे नाभ्याच्या महाराजांकडे गेली. आणखी एक गोष्ट सगळे सांगतात. विलायतेतल्या दुकानदाराने अपमान केला म्हणून महाराजांनी रोल्स-रॉइस घेतल्या आणि त्यांना कचरा वाहायला लावले. मी ही गोष्ट निदान चार महाराजांच्या नावावर ऐकली आहे. ज्या गोष्टीला चार नायक असतात ती मी चवीने ऐकतो, मानत नाही.

धन्यांची हौस अशी. दर्दी मात्र या काळात दुसरीकडे वळला होता. वॉल्टर ओवेन बेंटली या इंजिनियरने महायुद्धानंतर इंग्लंडात ज्या मोटारी केल्या, त्या महाग होत्या, दणकट होत्या आणि त्यांना गप्प बसणे ठाऊक नव्हते. फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत त्यांनी १९२४ साली जिंकली आणि मग १९२७ पासून १९३० पर्यंत ओळीने चार वेळा. पण शर्यती जिंकल्याने हिशेब जुळत नाहीत. मंदी आली, १९३१ साली बेंटलीची कंपनी बुडाली आणि ती विकत घेतली कोणी, तर रोल्स-रॉइसने. दोन वर्षांनी बेंटलीच्या नावाने नवी गाडी आली. तिची जाहिरात होती 'आवाज न करणारी शर्यतीची गाडी'. मला हे म्हणजे गप्प बसणारा पोवाडा वाटतो. पण गाडी उत्तम होती आणि खपलीही. जुन्या बेंटलीच्या भक्तांनी मात्र आपल्या गाड्या टाकल्या नाहीत. १९३६ साली निघालेल्या त्यांच्या क्लबाने त्या जपल्या, दुरुस्त केल्या, आणि पळविल्याही. इतिहासात मला दर्दी असा प्रथमच संघटित झालेला दिसतो. नवी गाडी अधिक चांगली आहे हे मान्य करूनही जुनीच मागणारा.

यानंतरचा इतिहास हा धन्याच्या विजयाचा आहे. १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातवाल्याने रोल्स-रॉइसची जाहिरात केली. ताशी साठ मैल वेगात या गाडीतला सर्वांत मोठा आवाज तिच्या विजेच्या घड्याळाचा असतो, असा तिचा मथळा होता. जाहिरातीच्या धंद्यात त्या मथळ्याची अजून पारायणे होतात. मला त्यामागचा किस्सा अधिक आवडतो. कारखान्यातल्या एका इंजिनियरला तो मथळा दाखविला, तेव्हा तो खूश झाला नाही. मान हलवून म्हणाला की, त्या मेल्या घड्याळाचे काहीतरी केले पाहिजे. तो इंजिनियर माझ्या वडिलांच्या गोत्रातला!

त्या सुमाराला माझे वडील कुठे होते? १९४८ साली दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. विलीनीकरण व्हायलाच हवे होते आणि वडीलही तसेच म्हणत. पण मोटारखाना मोडला. गाड्या एकेक विकल्या गेल्या. ती मोठी इंग्लिश गाडी एका भाजीच्या ठेकेदाराने घेतली, सांगाड्यामागचा डोलारा कापला, फळ्या ठोकल्या आणि तिचा छकडा केला. ती चालू कोणाला करता येईना, म्हणून पहिल्या दिवशी वडिलांना बोलावणे आले. मला ते बरोबर घेऊन गेले होते. मागे कोबीचे ढीग लादले होते. वडिलांनी इंजिन चालू केले, पाच-दहा मिनिटे ऐकत उभे राहिले, आणि ठेकेदाराला एवढेच म्हणाले, "हिला चांगलं तेल घाला." कोबीच्या ओझ्याखालीही ते इंजिन तसेच, पूर्वीसारखे, मंद गुणगुणत होते. परत येताना वडील बोलले नाहीत. त्यानंतर वीस वर्षे त्यांनी डिझेलच्या ट्रकांवर काम केले. ट्रकांच्या आवाजाने त्यांचे कान गेले. पण इंजिनावर हात ठेवून ते अखेरपर्यंत दुखणे सांगत असत.

हे मध्येच सांगितले, कारण यापुढची हकीकत त्यांनी पाहायला हवी होती असे मला नेहमी वाटते. १९८३ साली टोयोटाचे प्रमुख एइजी टोयोडा यांनी आपल्या माणसांना विचारले, जगातल्या सर्वोत्तम गाडीला मागे टाकील अशी भारी गाडी आपल्याला करता येईल का? चौदाशे इंजिनियर कामाला लागले, साडेचारशे नमुने झाले, आणि १९८९ साली अमेरिकेत लेक्सस एलएस ४०० विकायला आली. किंमत सुमारे ३५,००० डॉलर. जर्मन प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने कितीतरी कमी. तिच्या जाहिरातीत बॉनेटवर शॅंपेनच्या पेल्यांचा मनोरा रचला होता, गाडीची चाके रुळांवर भरधाव फिरत होती, आणि पेला हलत नव्हता. टाकीच्या झाकणावरचे नाणे ब्याऐंशी वर्षांनी पेले होऊन आले! त्याच डिसेंबरात किरकोळ तक्रारींवरून कंपनीने विकलेल्या सर्व, सुमारे आठ हजार, गाड्या परत बोलावल्या. म्हणजे मालकांना बोलावले नाही; आपली माणसे घरोघर पाठवून गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन आणून दिल्या. वीस दिवसांत हे पुरे झाले. धन्याची एवढी सेवा यापूर्वी कोणी केली नसेल.

दर्द्यांनी काय म्हणावे? सगळे बरोबर आहे, पण गाडीला जीव नाही, असे ते म्हणू लागले. मी बराच काळ याला नाके मुरडणे समजत होतो. ज्याला खोट काढता येत नाही तो जीव नाही म्हणतो. आता मला तसे वाटत नाही. निर्दोष गाडी करणे ही तपश्चर्या आहेच. पण चालवणाऱ्याला खालचा रस्ता कसा आहे, पुढच्या चाकांची पकड किती आहे, इंजिन सुखात आहे की ओढाताण होते आहे, ही बातमी हाताला आणि बुडाला मिळत असते. आवाज आणि हादरे गाळताना ही बातमीही गाळली जाते. चाळणी बारीक केली की पिठातला कोंडा जातो, आणि भाकरीची चव कोंड्यातही थोडी असते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको.

पुढे तंटा अधिकच रंगला. २००१ साली बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेच्या नव्या गाडीत एकाच गोल खुंटीवर सुमारे सातशे कामे सोपविली गेली. वारा हवा, गाणे हवे, खुंटी फिरवा आणि पडद्यावर शोधा. शौकीन भडकले. गाडीचे रूपही त्यांना रुचले नाही, आणि मुख्य डिझायनरला काढून टाका म्हणून हजारोंच्या सह्या गोळा झाल्या. गाडी मात्र दणक्यात खपली. याच कंपनीची दुसरी कथा उलट आहे. दहा सिलिंडरांची एम ५ ही गाडी २००५ मध्ये आली ती आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रासह. अमेरिकेतल्या दर्द्यांनी धोशा लावला की, आम्हाला डाव्या पायाखाली क्लच आणि हातात गिअरचा दांडा द्या. जो त्रास नको म्हणून शंभर वर्षे इंजिनियर राबले, तो त्रास त्यांना परत हवा होता! कंपनीने खास अमेरिकेसाठी तशी गाडी काढली. युरोपातल्यांना ती मिळाली नाही. त्यापुढच्या एम ५ मध्ये मात्र निराळीच युक्ती आली. गाडीचा आतला भाग इतका बंदिस्त झाला होता की इंजिनाचा आवाज चालवणाऱ्यापर्यंत पोचेना, म्हणून तो ध्वनिक्षेपकातून ऐकवू लागले. घरात बुवा असताना तबकडी लावण्यासारखे हे झाले.

धन्यालाही शेवटी शांतता जास्त झाली, याची गंमत वाटते. २०२० सालच्या रोल्स-रॉइस घोस्टमध्ये शंभर किलोहून अधिक ध्वनिरोधक सामान घातले होते. ती इतकी निःशब्द झाली की आत बसणाऱ्याला चमत्कारिक वाटू लागले. तेव्हा कंपनीने मुद्दाम एक हलकी कुजबुज तिच्यात राहू दिली. त्याच्या वर्षभर आधीच, २०१९ पासून, युरोपात विजेच्या नव्या गाड्यांनी हळू जाताना आवाज केलाच पाहिजे असा कायदा लागू झाला होता. नाहीतर अंध माणसांना त्या कळायच्या कशा? रुपेरी भुताला घुंगरू बांधायची वेळ आली. आणि पडद्यांचाही आता फेरविचार सुरू झाला आहे. इशाऱ्याचे दिवे, भोंगा, पावसाचे वायपर यांना हाताने चाचपता येतील अशी बटणे नसतील, तर २०२६ पासून पुरे तारे मिळणार नाहीत, असे युरोपातल्या मोटार-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केले. दर्दी जे वीस वर्षे ओरडून सांगत होते ते अपघातांच्या भीतीने ऐकले गेले.

विजेच्या गाडीबद्दल मात्र मला दर्द्यांचेही सगळे पटत नाही. ती म्हणजे मोटारीचा शेवट, असे म्हणणारे रोल्सला विसरतात. १९०० साली, रॉइसची ओळख होण्याच्याही आधी, त्याने लिहून ठेवले होते की विजेची गाडी आवाजरहित आणि स्वच्छ असते, तिला वास नाही, हादरा नाही. वीज भरण्याची ठाणी झाली की ती उपयोगाची होईल, पण अजून बरीच वर्षे तरी नाही. १९१० साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो विमानाच्या अपघातात गेला. त्याच्या कंपनीची पूर्ण विजेवर चालणारी पहिली विक्रीची गाडी गिऱ्हाइकांच्या हाती पडली ती २०२३ मध्ये. म्हणजे मागणी तेवढीच जुनी होती.

मग नातवाच्या गाडीत मी गप्प का होतो? खरे कारण सांगतो. त्याआधी महिनाभर ती गाडी एका घाटात बंद पडली होती. पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली, सेवाकेंद्राशी संपर्क साधा. नातवाने फोन केला. तिकडून वाट पाहा म्हणाले. चार तास आम्ही वाट पाहिली. मी पुढचे झाकण उघडायला लावले, तर खाली आणखी एक गुळगुळीत झाकण, त्यावर उघडायला खाच नाही, पेच नाही. माझ्या वडिलांचा मुलगा मी, आणि मला त्या गाडीवर हात ठेवायला जागा नव्हती. बिघाड होतो याचे मला वाईट वाटत नाही. रुपेरी भुताचीही तोटी मिटली होती. पण तोटी मिटली हे माणसाला दिसले, आणि माणसाने ती उघडली.

दसऱ्याची रात्र कोल्हापुरात काढून आम्ही सकाळी पुण्याला निघालो. मी नातवाला थोडेफार सांगितले, आजोबा-पणजोबांचे, कोबीचे. त्याने ऐकून घेतले आणि गाडीतले गाणे बंद केले. मला कानाचे यंत्र आहे. गाणे बंद झाल्यावर त्या शांततेत मला काहीतरी ऐकू येऊ लागले. टिक, टिक, टिक. घड्याळ म्हणावे तर गाडीत घड्याळाला काटे नव्हते. मी दारावर तळहात ठेवला.

"जरा हळू घे," मी म्हणालो. टिकटिक हळू झाली. "आता वाढव." ती वाढली.

"काय झालं आबा? पडद्यावर तर काहीच नाही."

"मागच्या डाव्या चाकात खडा अडकलाय. कडेला घे."

तो हसला, पण साताऱ्याच्या पुढे एका चहाच्या टपरीपाशी त्याने गाडी घेतली. उतरून मागे गेला आणि वाकला. किल्लीच्या टोकाने उकरून त्याने टायरच्या खाचेतून हरभऱ्याएवढा काळा खडा काढला आणि मला आणून दाखविला. आम्ही चहा घेतला. निघताना तो खडा ठेवायला मी सवयीने राखेची डबी शोधू लागलो. या गाडीत ती नव्हती, तेव्हा नातवाने तो घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.